डायलिसिस घरी कसे आले आणि का परतले

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या माणसाला जगवणारे डायलिसिस हे मुळात रुग्णालयाचे काम असून ते घरी करणे ही अलीकडची सोय आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. इतिहास मात्र बराच वेगळा आहे. दीर्घकालीन डायलिसिस शक्य झाल्यावर चार-पाच वर्षांतच ते घरी पोहोचले, एका टप्प्यावर अमेरिकेतील सुमारे ४० टक्के आणि ब्रिटनमधील निम्म्याहून अधिक रुग्ण ते स्वतःच्या घरी करत होते, आणि पुढे यंत्रे घरांतून पुन्हा केंद्रांकडे वळली तेव्हा घरचा उपचार अपायकारक असल्याचे कोणी सिद्ध केले नव्हते. यंत्र कोठे ठेवायचे, हा प्रश्न बहुतेक देशांत ज्याच्या तिजोरीतून पैसा जात होता त्याच्या हिशेबाने सुटत गेला, आणि घरातल्या माणसांचे श्रम त्या हिशेबात क्वचितच धरले गेले.

डायलिसिसचे तत्त्व साधे आहे. सूक्ष्म छिद्रे असलेल्या पटलाच्या एका बाजूस रक्त आणि दुसऱ्या बाजूस ठरावीक क्षारांचे द्रावण ठेवले, तर युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम यांसारखे लहान रेणू दाटीकडून विरळतेकडे, म्हणजे रक्तातून द्रावणात जातात. रक्तपेशी आणि प्रथिने आकाराने मोठी असल्यामुळे मागे राहतात. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम याने १८६१ साली हे विलगीकरण वर्णिले आणि त्याला आजचे नावही दिले, पण ते माणसाच्या रक्ताला लावण्यासाठी रक्त गोठू न देणारे हेपारिन आणि स्वस्त, एकसारखे पटल या दोन्ही गोष्टी उपलब्ध व्हाव्या लागल्या. जर्मन ताब्यातील नेदरलँड्समध्ये, कांपेन या लहान गावी, विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ साली सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप द्रावणाच्या टाकीत फिरत ठेवले. त्याचे सुरुवातीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. १९४५ साली एक वृद्ध स्त्री वाचली, तेव्हा यंत्राची उपयुक्तता मान्य झाली. मात्र हा उपयोग मूत्रपिंडे काही दिवसांपुरती बंद पडलेल्या रुग्णांपुरताच मर्यादित होता, कारण प्रत्येक वेळी धमनी आणि नीला, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी आणि हृदयाकडे परत आणणारी वाहिनी, कापून त्यांत नळ्या बसवाव्या लागत आणि नंतर त्या वाहिन्या बांधून टाकाव्या लागत. हाता-पायांतील अशा जागा थोड्याच वेळांत संपत. ज्यांची मूत्रपिंडे पुन्हा काम करणारच नव्हती, त्यांना उपचार सुरू करण्यात म्हणूनच अर्थ नव्हता.

ही अडचण अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटल शहरात दूर झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातील बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी वेन क्विंटन या यंत्रज्ञाच्या मदतीने टेफ्लॉन या गुळगुळीत, रक्त सहसा न चिकटू देणाऱ्या पदार्थाच्या नळ्या रुग्णाच्या हातातील धमनीत आणि नीलेत कायमच्या बसवल्या, आणि डायलिसिस चालू नसताना त्यांची बाहेरची टोके एका वळणदार नळीने जोडून रक्त वाहते ठेवले. या जोडणीला शंट म्हणतात. ९ मार्च १९६० रोजी ज्या पहिल्या रुग्णाला ती बसवली, तो बोइंग कारखान्यातील यंत्रकामगार त्यानंतर ११ वर्षे जगला. हे यश डॉक्टरांसाठी तितकेच मोठे संकट ठरले, कारण आता उपचाराला शेवट उरला नव्हता: एकदा सुरू केलेला रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस अनेक तास, आयुष्यभर खाट अडवून बसणार होता. १९६२ च्या प्रारंभी सिएटलमधील एका रुग्णालयाच्या तळघरात जगातील पहिले स्वतंत्र डायलिसिस केंद्र उघडले, तेव्हा त्यात ३ खाटा होत्या.

खाटा ३ आणि मरणाच्या दारातले अर्जदार कितीतरी, अशा स्थितीत निवड कोणी करायची, याचे त्या शहराने काढलेले उत्तर पुढे फार गाजले. डॉक्टरांनी वैद्यकीय दृष्ट्या योग्य ठरवलेल्या अर्जदारांतून अंतिम निवड करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली, जिच्या सात सदस्यांत धर्मोपदेशक, वकील, गृहिणी, बँक व्यावसायिक, कामगार पुढारी, सरकारी अधिकारी आणि एक शल्यचिकित्सक होते. सदस्यांची नावे गुप्त ठेवली गेली; अर्जदाराचा विवाह, मुलेबाळे, नोकरी, उत्पन्न, चर्चमधील सहभाग अशा गोष्टी विचारात घेतल्या जात. नोव्हेंबर १९६२ मध्ये लाइफ या साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि कोण जगणार हे ठरवणारी ही समिती देशभर चर्चेचा विषय झाली. वैद्यकीय नीतिशास्त्र या अभ्यासशाखेच्या जन्मकथेत या समितीचा उल्लेख आवर्जून येतो. डायलिसिसच्या इतिहासात तिचे महत्त्व निराळे आहे: जिला समितीने नाकारले, अशा एका मुलीमुळे सिएटलमध्ये यंत्र घरी गेले.

ती १५-१६ वर्षांची शाळकरी मुलगी होती आणि केंद्राच्या नियमांत मुलांना जागा नव्हती. तिचे वडील विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक आल्बर्ट बॅब यांचे परिचित होते. बॅब त्या वेळी स्क्रिब्नर यांच्यासाठी केंद्रातील अनेक खाटांना एकाच ठिकाणाहून द्रावण पुरवणारे मोठे यंत्र तयार करत होते, ज्याला त्याच्या अवाढव्यपणामुळे राक्षस हे टोपणनाव पडले होते. त्याच रचनेची एका रुग्णापुरती लहान आवृत्ती त्यांच्या चमूने चार महिन्यांच्या आसपास बांधून पूर्ण केली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात त्या मुलीचे डायलिसिस घरी, आईच्या देखरेखीखाली सुरू झाले. द्रावणाची घडण बदलल्याचा या यंत्राला मोठा आधार मिळाला. पूर्वीच्या द्रावणातील बायकार्बोनेट हे कॅल्शियमशी संयोग पावून साका धरत असल्याने दाट द्रावण साठवता येत नसे आणि प्रत्येक वेळी शेकडो लिटर द्रावण टाकीत कालवावे लागे. बायकार्बोनेटच्या जागी ॲसिटेट वापरल्यावर दाट द्रावण डब्यात भरून ठेवणे आणि यंत्राने ते नळाच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळत राहणे शक्य झाले. शिवाय द्रावणाचे तापमान, क्षारता, दाब आणि पटलातून होणारी रक्तगळती यांवर यंत्र स्वतः लक्ष ठेवी आणि बिघाड झाल्यास घंटा वाजवी, म्हणून रुग्ण रात्री झोपू शकत असे. आजच्या बहुतेक डायलिसिस यंत्रांत ही रचना आहे. एका रुग्णापुरती ती आधी घरासाठी झाली होती आणि रुग्णालयांनी ती नंतर घेतली.

घरी जाण्याची कल्पना मात्र एकट्या सिएटलची नव्हती. जपानमध्ये युकिहिको नोसे यांनी १९६१ च्या सुमारासच घरगुती कपडे धुण्याच्या यंत्रात पटलाची गुंडाळी बुडवून रुग्णांना घरी डायलिसिस देऊन पाहिले होते. १९६४ साली बॉस्टनमध्ये जॉन मेरिल यांच्या आणि लंडनमध्ये स्टॅन्ली शाल्डन यांच्या चमूनेही रुग्ण घरी पाठवले. शाल्डन यांचा आग्रह अधिक टोकाचा होता: रुग्णाने यंत्र स्वतः लावावे, स्वतः काढावे आणि रात्री कोणी जागे न राहता झोपेत उपचार घ्यावा. सिएटल, बॉस्टन आणि लंडन या तिन्ही ठिकाणची प्रेरणा सारखीच होती. खाटा थोड्या, परिचारिका थोड्या आणि निधी त्याहून थोडा असताना एका रुग्णाला घरी पाठवले की केंद्रात एका नव्या रुग्णाची जागा मोकळी होई. घरचा रुग्ण अधिक वेळ डायलिसिस घेतो, त्यामुळे त्याची प्रकृती अधिक चांगली राहते आणि तो नोकरी टिकवतो, हे फायदे खरे होते. पण ते नंतर ध्यानात आले आणि मूळ गरजेला समर्थन म्हणून जोडले गेले.

त्या काळातील घरच्या उपचाराचे स्वरूप आजच्या वाचकाला सहज उमगणार नाही. रक्त शुद्ध करणारा भाग, म्हणजे डायलायझर, तयार मिळत नसे. नॉर्वेजियन शल्यचिकित्सक फ्रेडरिक कील यांच्या रचनेचे खाचा पाडलेले लांब, जड फळे एकमेकांवर ठेवून त्यांच्यामध्ये ओल्या पटलाच्या पातळ पत्र्या सुरकुती न पडता पसरायच्या, बोल्ट आवळायचे, हवेच्या दाबाने गळती तपासायची, फॉर्मॅलिन भरून निर्जंतुक करायचे आणि वापरापूर्वी ते फॉर्मॅलिन पूर्ण धुऊन काढायचे, हे काम आठवड्यातून तीन वेळा घरातच चाले. त्यानंतर आठ-दहा तासांचे डायलिसिस, मध्ये रक्तदाब घसरला तर करायचे उपाय, शंटमध्ये गुठळी अडकली तर ती काढण्याची धडपड, आणि उरलेल्या दिवसांत मोजून मापून दिलेले पाणी, अळणी अन्न, फळांवरचे निर्बंध. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील जेम्स सिमिनो, मायकेल ब्रेशिया आणि त्यांचे सहकारी यांनी मनगटाजवळची धमनी आणि नीला त्वचेखालीच एकमेकींना जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. फिस्टुला या नावाने ती आजही रूढ आहे, आणि तिने शंटचे धोके दूर केले. पण दर खेपेला दोन जाड सुया टोचणे हे नवे काम घरच्यांच्या वाट्याला आले. ही माणसे बहुतेकदा रुग्णाची पत्नी किंवा आई असत. केंद्रे त्यांना काही आठवडे प्रशिक्षण देत आणि खर्चाचा तक्ता मांडताना त्यांचे श्रम शून्य धरत. गृह-डायलिसिस स्वस्त असते, या वाक्यातील बराचसा स्वस्तपणा असा आला आहे, हे त्या काळच्या उत्साही अहवालांतून सहसा लिहिले गेले नाही.

ब्रिटनमध्ये घराकडे जाण्याला दुसरेही कारण मिळाले. रक्ताशी सतत संबंध येणाऱ्या डायलिसिस विभागांत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूजन्य काविळीच्या साथी आल्या. एडिंबरामधील १९६९-७० च्या साथीत रुग्णांबरोबर रुग्णालयातील कर्मचारीही मृत्युमुखी पडले. रुग्णाला घरी एकटे ठेवणे हा विलगीकरणाचाही मार्ग ठरला. राष्ट्रीय आरोग्य सेवेने यंत्रे दिली, घराची खोली त्यासाठी बदलून दिली, आणि ज्यांच्या घरात खोलीच नव्हती त्यांच्या मागील अंगणात तयार केबिन आणून उभी केली. देशभर विखुरलेल्या या घरांनी एका वेगळ्या शोधालाही हातभार लावला. काही रुग्णांची हाडे सहज मोडू लागली होती, बोलणे अडखळू लागले होते, पुढे स्मृती आणि भान जात होते. एकाच केंद्रात प्रशिक्षण घेतलेल्या, एकाच प्रकारचे यंत्र वापरणाऱ्या रुग्णांपैकी काहींनाच हे का व्हावे, हे कोडे होते. शेफिल्ड भागातील डॉक्टरांनी १९७७ साली घरोघरच्या नळाच्या पाण्याची घडण आणि तिथल्या रुग्णांचे आजार यांची सांगड तपासली, न्यूकॅसल आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांनी त्याला जोड दिली, आणि पाणी स्वच्छ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तुरटीसारख्या संयुगांतून येणारे ॲल्युमिनियम दोषी असल्याचे स्पष्ट झाले. पिण्यास निर्धोक असलेले पाणी डायलिसिसला निर्धोक असतेच असे नाही, कारण पिणारा दिवसाला दोन लिटर पाणी आतड्यामार्फत घेतो, तर डायलिसिसमध्ये एका खेपेस शंभराहून अधिक लिटर पाणी केवळ पटलापलीकडून रक्ताशी भिडते. सर्व रुग्ण एकाच रुग्णालयाच्या एकाच नळावर असते, तर ही तुलना इतकी सहज करता आली नसती.

अमेरिकेत घराकडून केंद्राकडे उलटा प्रवास १९७३ साली सुरू झाला. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या एका समितीपुढे रुग्णसंघटनेच्या पदाधिकाऱ्याचे डायलिसिस प्रत्यक्ष करून दाखवण्यात आले, ३० ऑक्टोबर १९७२ रोजी कायदा झाला, आणि १ जुलै १९७३ पासून वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विमायोजनेत मूत्रपिंड निकामी झालेल्या कोणत्याही वयाच्या जवळजवळ सर्व नागरिकांचा समावेश झाला. निवडसमित्यांचे काम संपले, हे या कायद्याचे निःसंशय मोठे यश होय. परंतु केंद्रातील प्रत्येक खेपेचे पैसे नियमित मिळू लागले, तर घरच्या रुग्णाला साहित्याच्या खर्चातील आपला वाटा आधी सोसावा लागे आणि मदतनिसाला मोबदला नव्हता. खाजगी केंद्रांची साखळी उभी राहण्यास इतके पुरेसे होते. रुग्णांची संख्या वेगाने वाढली, त्यात वृद्ध आणि मधुमेही अधिक आले, ज्यांना घरी यंत्र चालवणे खरोखरच अवघड होते. तरीही शेजारच्या देशांत तेच वय आणि तेच आजार असलेले रुग्ण घरी राहत असताना अमेरिकेतील घरचे प्रमाण ४० टक्क्यांवरून काही वर्षांत एका लहान अंशावर आले, याचे स्पष्टीकरण केवळ वयात सापडत नाही. स्क्रिब्नर आणि सिएटलमधील त्यांचे सहकारी याविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत राहिले.

दरम्यान यंत्राशिवाय डायलिसिस करण्याचा जुना मार्ग नव्याने उपयोगात आला. पोटाच्या पोकळीला आतून असलेले आणि आतड्यांवर पसरलेले पातळ अस्तर, म्हणजे पर्युदर, हे निसर्गाने दिलेले पटलच होय; पोटात द्रावण सोडून काही वेळाने काढून घेतले, तर रक्तातील विषारी द्रव्ये त्यात उतरतात, आणि द्रावणातील ग्लुकोज शरीरातील जादा पाणी ओढून घेते. जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ साली हे माणसावर करून पाहिले होते. मुख्य शत्रू जंतुसंसर्ग होता, कारण पोटात शिरणाऱ्या नळीच्या कडेने जंतू आत जात. सिएटलमध्ये फ्रेड बून यांच्या पद्धतीत प्रत्येक वेळी पोटाला नव्याने छिद्र पाडावे लागे, आणि हेन्री टेंकॉफ हे तरुण डॉक्टर त्यासाठी रुग्णाच्या घरी स्वतः जात. या खेपांना उपाय म्हणून टेंकॉफ यांनी १९६८ साली सिलिकोन रबराची नळी प्रसिद्ध केली, जिच्यावरील डेक्रॉनच्या दोन पट्ट्यांत शरीराच्या ऊती वाढून जंतूंची वाट बंद होते. आज पर्युदरीय डायलिसिस घेणाऱ्या असंख्य रुग्णांच्या पोटात हीच नळी किंवा तिचे एखादे रूप असते.

टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९७५ साली ज्याच्या रक्तवाहिन्यांत फिस्टुला टिकत नव्हता अशा एका रुग्णाने रॉबर्ट पोपोविच या अभियंत्याला आणि जॅक मॉनक्रीफ या डॉक्टरला वेगळा हिशेब करायला लावले: दोन लिटर द्रावण पोटात ठेवून काही तासांनी बदलायचे आणि दिवसातून पाच वेळा असे करायचे, तर यंत्राशिवाय, चालता-बोलता रक्त शुद्ध राहील. या कल्पनेचा पहिला गोषवारा १९७६ साली एका वैद्यकीय परिषदेने नाकारला. रोज पाच वेळा काचेच्या बाटल्या जोडणे-काढणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण, ही शंकाही वाजवी होती. टोरांटोतील दिमित्रिओस ओरेओपुलोस यांनी बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या, ज्या रिकाम्या झाल्यावर घडी करून कपड्यांखाली ठेवता येत आणि त्याच पिशवीत वापरलेले द्रावण परत घेता येई. जोडण्यांची संख्या घटली आणि पोटातील संसर्गही घटला. पुढे इटलीत निघालेल्या वाय आकाराच्या नळीमुळे नवे द्रावण आत सोडण्यापूर्वी नळी धुतली जाऊ लागली. ज्या देशांना रुग्णालये बांधण्यापेक्षा पिशव्या घरोघरी पोहोचवणे परवडत होते, त्यांनी ही पद्धत उचलली. हाँगकाँगने १९८५ पासून आधी पर्युदरीय डायलिसिस हे धोरणच स्वीकारले.

भारतात घरच्या डायलिसिसची सर्वांत प्रसिद्ध कथा राजकीय आहे, आणि तिचा एक मोठा भाग मुंबईत घडला. आणीबाणीत जून १९७५ मध्ये अटक झालेल्या जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे चंडीगढ येथे स्थानबद्धतेत असताना निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, जेथे मूत्रपिंडतज्ज्ञ एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली नियमित डायलिसिस सुरू झाले. या रुग्णालयाचे उद्घाटन १९७३ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले होते, हा योगायोग त्या काळच्या वाचकांच्या नजरेतून सुटला नसावा. जयप्रकाशांना बिहारला परतायचे तर यंत्र त्यांच्याबरोबर हवे होते, आणि ते परदेशातून आणण्याचा खर्च साध्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता. पंतप्रधानांच्या मदतनिधीतून ९० हजार रुपये पाठवण्यात आले, ते जयप्रकाशांनी परत केले. यंत्राचे पैसे लोकांकडून एकेक रुपयाच्या वर्गणीने जमवण्यात आले. अमेरिकेत निवडसमिती आणि ब्रिटनमध्ये आरोग्यसेवा ज्या प्रश्नाचे उत्तर देत होती, त्याचे येथील उत्तर वर्गणी हे होते, आणि ते एका असामान्य माणसापुरतेच होते. पाटण्यातील कदमकुआँ भागातील घरी यंत्र आल्यावर डायलिसिसच्या दिवसांमधल्या अवकाशात त्यांनी १९७७ च्या निवडणुकीच्या सभा घेतल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना उपचारासाठी सिएटलला नेण्यात आले, म्हणजे घरच्या डायलिसिसवर जगणारा भारताचा सर्वांत परिचित रुग्ण त्या पद्धतीच्या एका उगमस्थानी पोहोचला. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये जिवंत असताना त्यांच्या निधनाची चुकीची घोषणा लोकसभेत झाली. प्रत्यक्ष निधन ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात झाले. ज्या स्थानबद्धतेत हा आजार उद्भवला, तेथील त्यांची दैनंदिनी पु. ल. देशपांडे यांच्या अनुवादामुळे मराठीतही वाचता येते.

सामान्य भारतीय रुग्णासाठी घरचा मार्ग खुला झाला तो यंत्राने नव्हे, पिशवीने. १९९१ साली चेन्नईत पर्युदरीय डायलिसिसची पिशवी-पद्धत सुरू झाली, आणि ज्यांच्या गावापासून डायलिसिस केंद्र शंभर-दीडशे किलोमीटर दूर होते, त्यांना ती विशेष उपयोगी ठरली. वीज जावो, नळाला पाणी एक दिवसाआड येवो, द्रावण कारखान्यातून निर्जंतुक होऊन येते. लागते ती स्वच्छ जागा, धुतलेले हात आणि शिकलेले कोणीतरी. तरीही सरकारी पैसा आला तेव्हा तो प्रामुख्याने केंद्रांकडे गेला. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चाललेल्या जनआरोग्य योजनेने डायलिसिसचा खर्च उचलला, तो मुख्यतः रुग्णालयातील खेपांचा. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत यंत्रे बसवली. त्या कार्यक्रमात पर्युदरीय डायलिसिस आणण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ साली निघाली.

दिवसाला चार बदल धरले तर महिन्याला १२० पिशव्या, म्हणजे २४० लिटर द्रावण घरात साठवावे लागते, आणि ज्याला ते स्वतःच्या पैशाने आणावे लागते तो प्रत्येक पिशवी मोजतो. म्हणून भारतातील अनेक रुग्णांना डॉक्टर चारऐवजी तीनच बदल लिहून देतात. शरीर लहान असेल आणि मूत्रपिंडे थोडेफार काम करत असतील तोवर ते पुरते. ते काम थांबले की चौथी पिशवी टाळता येत नाही.